ओटीत गेलेली थोरली पाती

मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि थंडीत ग्वाल्हेरला. आज कुणाला हे सांगितलं तर लोक हसतात. पण आम्ही सचिवालयातले कारकून वर्षातून दोनदा फायली पेट्यांत भरायचो, पेट्यांना सुतळ्या आवळायचो आणि सरकारच्या मागे वऱ्हाडासारखे निघायचो. आगगाडीत सगळ्यांच्या मांडीवर जेवणाचे डबे असायचे. दत्तोपंत निमगावकरांच्या मांडीवर मात्र एक चपटी सागवानी पेटी असायची, वर धुतलेला पंचा घातलेली. गाडीने धक्का दिला की बाकीचे खिडकीला धरायचे, निमगावकर पेटीला धरायचे.

त्या पेटीत जर्मन बादशाहीतली चांदीची नाणी होती. फार नव्हती. हिरव्या मखमलीत गोल खाचा कोरलेल्या आणि प्रत्येक खाचेत एक नाणं. बऱ्याच खाचा रिकाम्याही होत्या. त्या तशाच का ठेवल्यात असं विचारलं की म्हणायचे, "अरे भिया, पाहुणा येईल तेव्हा पाट मांडत नाहीत, आधी मांडून ठेवतात." या नादापायी सगळं ऑफिस त्यांना मागून 'कैसरसाहेब' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

दिसायला त्यांच्यात बादशाही काही नव्हतं. काटकुळे, काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात बहिर्गोल भिंग. बशीत चहा ओतून घ्यायचे आणि फुंकर मारताना डोळे मिटायचे. सकाळी पोह्यांवर शेव जास्त पडली तरी चिडायचे, कमी पडली तरी चिडायचे. आवाज चढायचा तो फक्त एका गोष्टीवर. कुणी नाण्याला चेहऱ्यावर बोट लावलं की ते असे ओरडायचे, जणू त्यांच्याच डोळ्यात बोट गेलं. नाणं कडेने धरायचं, निखाऱ्यावरून उतरवलेला पापड धरतात तसं. ऑफिसात फायलीही ते तशाच धरायचे. साहेब लोकांना वाटे, काय टापटीप माणूस आहे.

हा नाद त्यांना लागला तो संस्थानच्या काळात. महाराजांच्या नव्या बंगल्याच्या कामाला जर्मनीहून काही माणसं आली होती, त्यांत विजेच्या तारा ओढणारा एक फिटर होता. निमगावकर तेव्हा कोठारावर नवे कारकून. फिटर तापाने आडवा झाला. परमुलखात एकटा पडलेला माणूस म्हणून निमगावकर त्याला रोज घरचा मऊ भात आणि मेतकूट नेऊन देत. जाताना त्याने त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं. एका बाजूला कोण्या राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. "हे आमच्याकडेही आता चालत नाही," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "म्हणून देतो." निमगावकर ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे. म्हणायचे, "बघ, किती साफ दिलाचा माणूस! चालणारं देऊन कोणीही जातो."

त्या नाण्याची पहिलीच दिवाळी. काकू, म्हणजे निमगावकरांच्या पत्नी, नव्या नवरी होत्या. लक्ष्मीपूजनाला चांदी मांडायची म्हणून त्यांनी ते नाणं चिंच आणि राखेने असं घासलं की गरुडाची पिसं निम्मी गेली. इतक्या वर्षांचा काळसर रंग, जो बघायला लोक भिंगं घेऊन बसतात, तो मोरीतून वाहून गेला. काकूंनी हौसेने नाणं पुढे केलं. निमगावकरांनी ते कडेने हातात घेतलं. मग म्हणाले, "वा! चेहरा कसा उजळलाय." आणि चपला घालून जे बाहेर पडले ते छत्रीबागेपर्यंत चालत जाऊन आले. काकूंना यातलं काही कळलं नाही. मला हे निमगावकरांनीच सांगितलं आणि वर बजावलं, "तिच्यापुढे बोलशील तर याद राख."

बाकीची नाणी जमली ती दोन ठिकाणांहून. एक म्हणजे सराफा. राजवाड्यामागे दिवसा जिथे चांदी विकतात आणि रात्री खाण्याची दुकानं लागतात, तिथल्या एका सराफाने त्यांना पक्कं गिऱ्हाईक केलं होतं. वितळवायला आलेल्या चांदीत परदेशी काही दिसलं की तो बाजूला काढायचा आणि निमगावकर लांबून दिसले की हाक मारायचा, "आओ साब, नई मुंडी आई है!" दुसरं ठिकाण महूची छावणी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले म्हातारे शिपाई तिथे होते आणि त्यांच्या ट्रंकांच्या तळाशी एखादं नाणं असायचं.

जर्मन बादशाही म्हणजे काय हे निमगावकरांनी मला असं समजावलं होतं. तिथेही आपल्यासारखी संस्थानं होती, मोठी, छोटी, चिमटीएवढी. सगळी एका छत्राखाली आली, तरी प्रत्येक राजाने एक हट्ट सोडला नाही. नाण्याच्या एका बाजूला माझंच तोंड. दुसरी बाजू मात्र सगळ्यांची सारखी, तिथे बादशाही गरुड. "मुंडी वेगळी, गरुड एकच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या सचिवालयात हे वाक्य फार उपयोगी पडे. ग्वाल्हेरचे म्हणत फाईल आमच्या पद्धतीने बांधा, इंदूरचे म्हणत आमच्या, आणि सुतळी कोणत्या अंगाला यावी यावरून माणसं दुपारभर एकमेकांशी बोलत नसत. अशा वेळी निमगावकर दोघांच्या मध्ये येऊन हात जोडायचे, "साहेब, मुंडी वेगळी, गरुड एकच. चला, चहा घेऊ." समोरच्याला अर्थ कळायचा नाही, पण चहा घेतला जायचा.

या सगळ्या पेटीत त्यांचा जीव होता तो दोन नाण्यांत. रॉइस नावाचं एक इवलंसं संस्थान होतं, तेही दोन भावकींत वाटलेलं. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. आपल्या देवाससारखं. आणि त्या घराण्यात जन्माला येईल त्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिखच ठेवायचे, ओळखायला पुढे नुसता आकडा. निमगावकरांना याचं भारी कौतुक. "विचार कर, आईने हाक मारली तर किती जण धावत येत असतील!" धाकट्या पातीचं नाणं त्यांना सराफ्यात मिळालं. थोरल्या पातीचं महूच्या एका म्हाताऱ्या हवालदाराकडे होतं आणि हवालदार ते विकायला तयार नव्हता. निमगावकर दर रविवारी महूला जायचे. हवालदार त्यांना खंदकातल्या चिखलाच्या, थंडीने काळ्या पडलेल्या बोटांच्या आणि मेलेल्या दोस्तांच्या गोष्टी सांगायचा. घरच्यांनी त्या ऐकणं कधीच सोडलं होतं. एका रविवारी सगळ्या गोष्टी संपल्या. हवालदाराने ट्रंक उघडली, नाणं काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ते दोन मार्कांचं नाणं निमगावकरांनी धाकट्या पातीशेजारच्या खाचेत ठेवलं. माझ्या मते त्या दिवसाइतका सुखी माणूस इंदुरात दुसरा नसेल.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांची आहे. रामबागेत आमची घरं समोरासमोर. आई लवकर गेली. घरात वडील, मी आणि धाकटी बहीण वच्छी. वच्छीच्या वेण्या काकूंनी घातल्या, तिला पुरणपोळी काकूंनी शिकवली, लग्नात तिच्या पाठीशी काकू उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. यावरून गल्लीतल्या काही बायका जे बोलत ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. त्यामुळे हळदीकुंकवाला काकू जायच्या, पण कुणा गर्भारशीची ओटी भरायची वेळ आली की आपणहून मागे सरायच्या. मला त्याचा राग यायचा. निमगावकरांना माझ्याहून जास्त.

वच्छी ग्वाल्हेरला दिलेली. तिला दिवस गेले, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला इंदूरला आली. आमच्या घरी बाळंतपण करायला बाईमाणूस नाही, म्हणून ते सासरीच करायचं ठरलं. निघायच्या दिवशी वडील समोरच्या घरात गेले आणि काकूंना म्हणाले, "वहिनी, पोरीची ओटी तुम्ही भरायची. तिचं माहेर तुम्हीच आहात." काकू नको नको म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून तयारीला लागल्या.

त्याच सकाळी निमगावकर माझ्या मेव्हण्यांना, म्हणजे वच्छीला न्यायला आलेल्या तिच्या नवऱ्याला, एक गंमत दाखवत होते. दोन मार्कांचं नाणं आणि आपला जुना चांदीचा रुपया यांत किती थोडा फरक आहे, ही ती गंमत. आकार जवळजवळ तेवढाच, वजन जवळजवळ तेवढंच, कडेला दोघांच्याही बारीक रेघा. डोळे मिटून ओळखा, असा त्यांचा खेळ. त्यासाठी त्यांनी थोरली पाती पेटीतून काढून ताटलीत रुपयाशेजारी ठेवली होती. तेवढ्यात ऑफिसचा चपराशी सायकलवरून आला, "साब, जल्दी चलो, ग्वालियर की पेटियाँ बँध रही हैं," आणि निमगावकर तसेच उठून गेले. काकूंनी ओटीचं ताट भरायला घेतलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. समोर ताटलीत चांदी दिसली. चष्मा देवघरात राहिला होता. ओटीत चांदी घालायची त्यांच्या घरची पद्धत, त्यांनी एक नाणं उचललं, कुंकू लावलं आणि वच्छीने पसरलेल्या पदरात घातलं. वच्छी वाकून नमस्कार करताना काकूंनी तिला मध्येच धरून छातीशी घेतलं. दुपारच्या गाडीने वच्छी आणि मेव्हणे ग्वाल्हेरला गेले.

संध्याकाळी निमगावकर घरी आले. ताटलीत एकटा रुपया.

"अगं, इथे दोन होते ना?"

"एक वच्छीच्या ओटीत घातला. का हो? हवा होता का?"

"छे छे. बरं केलंस," निमगावकर म्हणाले. मग त्यांनी तो उरलेला रुपया उचलला आणि थोरल्या पातीच्या खाचेत ठेवून पेटी बंद केली, म्हणजे काकूंनी उघडली तरी खाच रिकामी दिसू नये.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, ऑफिसात, पेट्यांच्या ढिगाऱ्यावर बसून. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं घरात कोणी गेलं. ऐकल्यावर मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? पुढच्या आठवड्यात आपण ग्वाल्हेरला जातोच आहोत. मी वच्छीला सांगतो, रुपया देतो, नाणं घेतो. मामला खतम."

"तू काय बोलून राह्यला आहेस?" ते उसळलेच. "ओटीतलं परत मागायचं? गर्भारशीच्या?"

"पण ती चुकून..."

"चुकून काय? ओटीत चुकून काही जात नाही. आणि ऐक. तिने जन्मात पहिल्यांदा कुणाची ओटी भरली. पहिल्यांदा, भिया. उद्या तिला कळलं की त्यातही घोटाळा केला, तर परत कुणाच्या ओटीला हात लावेल ती? जाऊ दे ते नाणं. चूक माझी, मी बाहेर ठेवलं." मग हळूच, "बारीक कड आहे रे त्याची. कुणी घासलं नाही म्हणजे मिळवली."

मला शपथ घालण्यात आली. वच्छीला नाही, वडिलांना नाही, काकूंना तर मुळीच नाही.

थंडीत सरकारबरोबर आम्ही ग्वाल्हेरला गेलो. पहिल्याच रविवारी निमगावकर म्हणाले, "चल, पोरीची खबर घेऊन येऊ." हातात इंदूरच्या शेवेचा पुडा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या घरात वच्छीच्या सासूबाईंचं राज्य होतं. सगळे त्यांना माई म्हणायचे. माईंनी बसायला पाट दिला तो नेमका देवघरासमोर. आत अन्नपूर्णेच्या पुढे चांदीच्या वाटीत थोरली पाती बसली होती. नाकाला कुंकू, गालाला हळद, डोक्यावर झेंडूची पाकळी.

"हे तुमच्या इंदूरचे कोणते महाराज?" माईंनी विचारलं. "मी कधी असा रुपया पाहिला नाही."

निमगावकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवघराकडे. "इंदूरचे नव्हेत," ते म्हणाले. "लहान संस्थान आहे. थोरल्या पातीचे."

"म्हणजे देवासचे?"

"साधारण तसंच म्हणा."

माईंना ते पटलं. त्यांनी सांगितलं की वच्छी घरी आल्यापासून तिला नीट झोप लागते, पायावरची सूज उतरली, तेव्हा ही ओटी चांगल्या हाताची आहे. निमगावकरांचा चेहरा ते ऐकून एकदम बदलला. परत येताना टांग्यात मला म्हणाले, "ऐकलंस का? चांगल्या हाताची म्हणाली. हिला सांगायला पाहिजे." आणि वाटेत आणखी दोनदा तेच म्हणाले.

त्या थंडीत आम्ही किती वेळा त्या घरी गेलो याचा हिशेब नाही. कारण दरवेळी पोरीची खबर, आणि सुरुवातीला नजर दरवेळी वाटीवर. एका एकादशीला आमच्या डोळ्यांदेखत माईंनी चिंच घेतली आणि देवांबरोबर नाणंही घासायला बसल्या. निमगावकरांनी माझा दंड असा धरला की मला कळ लागली. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते आता आल्या आल्या देवघराकडे पाहत नाहीत. आधी वच्छीला विचारतात, दूध घेतेस का, जिना चढतेस का, डॉक्टरीण काय म्हणाली. इंदूरला परतणारा कुणी भेटला की त्याच्या तोंडी काकूंना निरोप जायचा. वच्छीला हे आवडतं, ते आवडत नाही. तिकडून काकूंचे डिंकाचे लाडू यायचे. नाद बदलला म्हणावं इतके ते तिच्यात गुंतले.

वच्छीला त्रास फार झाला. पहाटेपासून कळा, दिवस वर आला तरी सुटका होईना. सुईणीने हात टेकले, डॉक्टरीण बोलावली. आम्ही बाहेर ओसरीवर. माईंनी वाटीतलं नाणं काढून फडक्यात बांधलं आणि वच्छीच्या उशाखाली ठेवलं, हे आम्हाला दारातून दिसलं. निमगावकर देवधर्म फारसा मानणारे नव्हते. पण ते त्या वेळी जे पुटपुटत होते ते मी जवळ जाऊन ऐकलं. "हाइनरिखा, लाज राख रे," असं म्हणत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, मीही मनात तेच म्हटलं.

दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. आई आणि लेक दोघी ठीक. माई बाहेर आल्या आणि ती करारी बाई ओसरीच्या खांबाला धरून बसली. मेव्हणे रडत होते, मी रडत होतो. निमगावकर उठले, टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग चौकातल्या हलवायाकडे जाऊन त्यांनी एवढे पेढे आणले की गल्लीतल्या गाईंनाही मिळाले. टांग्यात बसल्यावर त्यांना एकदम आठवलं. "अरे, ते नाणं उशाखालून काढलं का कोणी? मी बघितलंच नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं.

उन्हाळ्यात सरकार इंदूरला आलं आणि मागोमाग वच्छी बाळ घेऊन माहेरी आली. बरोबर माईही आल्या. दुसऱ्या दिवशी त्या समोरच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "निमगावकरबाई, पदर पसरा." काकू गोंधळल्या. "मी? मी कशाला?" माईंनी उत्तर न देता त्यांच्या पदरात नारळ घातला, खण घातला, तांदूळ घातले आणि वर फडक्याची ती पुरचुंडी. "ज्या हाताने आली त्याच ओटीत परत. आमचं काम हिने केलं. आता आणखी कुणाचं व्हायचं असेल तर तुमच्या हातून होऊ दे."

मी आणि निमगावकर दारात उभे होतो. त्यांची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. नाणं घरात आलं, पण ते आता काकूंच्या ओटीतलं. तिथून ते कसं काढून घेणार? आणि काय सांगून?

पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. बशी हातात तशीच राहिली आणि चहा गार झाला. माई गेल्यावर काकू आत आल्या. कपाटातून सागवानी पेटी काढली, उघडली. थोरल्या पातीच्या खाचेतला रुपया काढून नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि पुरचुंडी सोडून नाणं कडेने धरून, अगदी पापडासारखं धरून, खाचेत बसवलं.

"हा घ्या तुमचा रुपया," म्हणाल्या.

"तुला... कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी, तुम्ही ऑफिसात गेल्यावर. धूळ पुसायला पेटी उघडली तर जर्मन लोकांच्या पंगतीत आपला पंचम जॉर्ज येऊन बसलेला. इतकं नाही कळत होय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?" काकू म्हणाल्या. "मी रोज एवढंच म्हणायचे, नाणं गेलं तर गेलं, पोरीचं नीट होऊ दे. माझ्या हाताला यश येऊ दे."

हे सांगून झाल्यावर निमगावकरांनी तो गार चहा एका घोटात संपवला. म्हणाले, "सगळी थंडी मी खाली-पिली नाटक करत होतो. आणि तिला सगळं ठाऊक होतं." पण इतका मोकळा झालेला चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता. त्यानंतर गल्लीत कुणाला दिवस गेले की ओटी भरायला काकूंना बोलावणं जाऊ लागलं. त्या चष्मा लावून जायच्या आणि ओटीत साधा रुपया घालायच्या. जाण्याआधी तो नवऱ्यापुढे धरायच्या, ते भिंगातून पाहायचे आणि म्हणायचे, "जॉर्जच आहे. जा."

मग मध्यभारतच गेला. राज्यं मोठी झाली, राजधानी भोपाळला ठरली आणि आमच्या पेट्या शेवटच्या बांधल्या. निमगावकर निवृत्तीला आले होते, ते इंदुरातच राहिले. माझं लग्न झालं होतं. बायकोचं पहिलं बाळंतपण फुकट गेलं होतं आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. ती घाबरलेली, मी तिच्याहून घाबरलेलो, आणि डोक्यावर अनोळखी गावाचं बिऱ्हाड. सामानाची लॉरी दारात उभी असताना काकू ताट घेऊन आल्या. बायकोने पदर पसरला. काकूंनी नेहमीप्रमाणे नाणं नवऱ्यापुढे धरलं. निमगावकरांनी ते कडेने घेतलं, उन्हात नेलं, भिंग लावून एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. बराच वेळ पाहिलं. मग काकूंच्या हातावर ठेवून म्हणाले, "ठीक आहे. घाल." लॉरीवाला ओरडत होता, "चलो बाबूजी, देर हो री है."

भोपाळला पोचून बायकोने ओटी सोडली, तेव्हा तांदळात गरुड निघाला. मी उलटून पाहिलं. थोरली पाती.

 परत करायची सोय नव्हती, ते मला ठाऊक होतं. मी काही बोललो असतो तर मला कोणतं उत्तर मिळालं असतं, तेही ठाऊक होतं. नाणं बायकोच्या उशाखाली गेलं आणि महिनेच्या महिने तिथेच राहिलं. आमचा मुलगा वेळेवर, धडधाकट, घसा फोडून ओरडत जन्माला आला. मी भोपाळच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून एखाद्या पोरासारखा रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मुलगा बसायला लागल्यावर आम्ही इंदूरला आलो. बायकोने काकूंची ओटी भरली आणि पुरचुंडी त्यांच्या पदरात घातली. काकूंनी ती न सोडताच हाताने चाचपली आणि नवऱ्याकडे पाहून मान हलवली. निमगावकर फार थकले होते, भिंत धरून चालत होते. त्यांनी माझ्या मुलाला मांडीवर घेतलं, आधी त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिला आणि म्हणाले, "मुंडी छान आहे." मग पोराला माझ्याकडे देऊन कपाटातली पेटी काढली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. मांडीवर पेटी, शेजारी काकू, आणि दोघांची डोकी आत वाकलेली. मीही वाकून पाहिलं. धाकट्या पातीशेजारची खाच रिकामी होती. या वेळी तिथे रुपया ठेवलेला नव्हता.